जवळचा एक, लांबचा एक

माझ्या वडिलांचा म्हातारपणीचा एकच फोटो माझ्याकडे आहे, आणि त्यात वडील नाहीत. त्यांचा डावा गाल आहे, तोही पुरता नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तांबूस कातडी, तिच्यावर देवीच्या वणांचे खड्डे, मधोमध निळ्या पेनाने काढलेलं एक गोल आणि त्या गोलात मसुरीच्या डाळीएवढा काळपट ठिपका. एका शेजारणीने तो हातात घेऊन विचारलं होतं, करपलेल्या भाकरीचा फोटो कशाला जपून ठेवलाय? तिच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण त्या वेळी तो खरा होता.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. टपालाच्या तिकिटांचे छापून आलेले ताव तपासायचे, हे त्यांचं काम. एका तावावर शेकडो तिकिटं, सगळी सारखी. त्यातलं एखादं सारखं नसेल तर ते नानांनी शोधायचं. कुठे रंग रेषेबाहेर गेलेला, कुठे शाईचा कण पडलेला. सापडला की पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल. दिवसभर भिंगातून बघून घरी आले की ते दहा मिनिटं डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडायचे. तेवढ्या वेळात घरात भांडं वाजलेलं आईला खपायचं नाही.

पण सवय काही गेटपाशी ठेवून येता येत नाही. घरी त्यांचं स्वतःचं एक भिंग होतं, पितळी कडेचं. त्यातून ते तांदळातले खडे बघायचे, माझ्या वहीतली खाडाखोड बघायचे. नव्वद सालानंतर कधीतरी मला स्थळं यायला लागली, तेव्हा मुलांचे फोटोही त्यांनी त्यातूनच बघितले. माझ्या नवऱ्याचा फोटो त्यांनी उजेडात धरून बराच वेळ तपासला आणि म्हणाले, "पोरगा चांगला हे. पण कॉलर डाव्या बाजूला वर गेलीय." ती कॉलर मी लग्नानंतरही पुष्कळ वर्षं खाली ओढत राहिले.

त्यांचं एक म्हणणं होतं, आम्ही भावंडांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं. "लांबून सगळंच बरं दिसतं. चूक जवळ गेल्यावर सापडती." मला ते पटायचं. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले ते काही उगाच नाही. आमचं घरच चुका शोधणाऱ्यांचं.

त्यांना फोटोंचं मात्र पहिल्यापासून वावडं. प्रेसच्या गेटवर जाता-येता झडती व्हायची, डबासुद्धा उघडून दाखवावा लागायचा, आणि कॅमेरा आत नेणं तर सोडाच, तो शब्दसुद्धा नाना हळू आवाजात उच्चारायचे. तीस-पस्तीस वर्षं रोज झडती दिलेला माणूस कॅमेऱ्यासमोर आला की आपोआप चोरासारखा व्हायचा. मान वळवायचा, नाहीतर काहीतरी काम आठवून निघून जायचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाच फोटोत आहेत, पाठमोरे, हातात पाण्याची बादली. निवृत्तीचा हार त्यांना प्रेसच्या आतच घातला, तिथे कोण फोटो काढणार. आम्हीही कधी आग्रह केला नाही. माणूस रोज समोर बसून भुरके मारत चहा पितोय, त्याचा फोटो कशाला हवा असतो कुणाला?

तो ठिपका आईला सापडला. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांनी, नरकचतुर्दशीला, ती नानांना उटणं लावत होती. गालावरून हात फिरवताना थांबली आणि म्हणाली, "हे काय खरखरीत लागतंय?" नाना म्हणाले, "वर्ष झालं त्याला. जाईल आपसूक." इतरांच्या कागदावरचा शाईचा कण न सोडणारा माणूस स्वतःच्या गालावर वर्षभर ठिपका घेऊन हिंडत होता. मी सणाचा दिवस न बघता त्यांच्यावर चिडले, आणि दिवाळी संपल्यावर त्यांना कॉलेज रोडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. आईही बरोबर आली.

मॅडम तरुण होत्या आणि हातासारखंच तोंडही चपळ होतं. त्यांनी ठिपका बघितला, बायोप्सी करू म्हणाल्या, म्हणजे वरचा भाग ब्लेडने अलगद काढून तपासायला पाठवायचा. त्यांनी निळ्या पेनाने ठिपक्याभोवती गोल काढलं. नाना खूश झाले. चुकीला गोल करायची पद्धत त्यांच्या ओळखीची होती. मग मॅडमनी ड्रॉवर उघडला आणि पुटपुटल्या, त्यांचा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता.

"तुमच्या फोनला कॅमेरा आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "मग दोन फोटो काढा. एक जवळून, एक लांबून. लांबच्यात कान, डोळा आणि ओठाचा कोपरा आला पाहिजे. जखम भरली की जागा सापडत नाही. पेशंट शपथेवर सांगतात इथेच होतं म्हणून, आणि ते तिथे नसतं."

फोन माझ्या नवऱ्याचा होता, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यावर त्याने हौसेने घेतलेला. त्या दिवशी मी तो मागून आणला होता. त्यात वीस-बावीस फोटो मावायचे, त्याहून जास्त नाही. जवळचा फोटो मी पटकन काढला. लांबच्यासाठी मागे सरकले तर नाना भिंतीकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "काका, इकडे बघा." नाना आणखी वळले. तेव्हा आई स्टुलावरून म्हणाली, "बघा की इकडं. इथं काय गेट नाय, कोणी झडती घेणार नाय तुमची."

आणि नाना हसले. एकदम, मोठ्याने, डावीकडचा वरचा सुळा पडलेली जागा दिसेल इतकं. मी बटण दाबलं.

बायोप्सी पाच मिनिटांत झाली. बाहेर बाकावर बसून मी नानांना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी खिशातून भिंग काढून फोनच्या इवल्याशा पडद्यावर धरलं. जवळचा बघून मान हलवली. लांबचा बघितला आणि म्हणाले, "यात ठिपका कुठे? हा काय कामाचा?" खरंच, त्यात ठिपका दिसत नव्हता, नुसते नानाच दिसत होते. मलाही वाटलं, पुढे एखाद्या सर्जनला दाखवायची वेळ आली तर दवाखान्यातल्या फोटोत पेशंट दात काढून हसतोय, हे काही बरं दिसणार नाही. चार दिवसांनी माझ्या मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. ती झाड झाली होती. मी फोटो काढायला गेले तर फोन म्हणाला, जागा नाही. मी एकेक फोटो बघत गेले आणि त्या हसऱ्या फोटोवर थांबले. फोनने विचारलं, काढून टाकायचा? मी हो म्हटलं. त्या जागी झाडाचा फोटो बसला. हिरव्या कागदांत मुलीचा चेहराही दिसत नव्हता.

रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला. त्वचेचा कर्करोग होता, पण त्यातल्या त्यात गरीब जातीचा. मॅडमनी नीट समजावलं. हा लांब पसरत नाही, पण आहे त्या जागी घुशीसारखा पोखरत जातो. वरून काढला तरी मुळं आत आहेत, ती सर्जनकडून काढून घ्या. आणि उशीर करू नका, कारण डोळा दोनच बोटं वर आहे.

उशीर नानांनीच केला. जखम भरून आली, गाल साफ झाला, आणि ते रोज दाढी करताना आरशात बघून आईला ऐकवायचे, "कुठंय काय? गेलं ते." कर्करोग हा शब्द त्यांनी घरात उच्चारू दिला नाही, जसा पूर्वी कॅमेरा उच्चारू दिला नव्हता. पुढे दोन-तीन महिने माझ्या शाळेच्या परीक्षा, पेपर, निकाल. मीही लावून धरलं नाही. ते मला अजून खुपतं. शेवटी मॅडमनी स्वतः फोन करून मला झापलं, तेव्हा आम्ही सर्जनकडे गेलो.

सर्जन शांत गृहस्थ होते. चिठ्ठी वाचून त्यांनी नानांचा गाल उजेडात बघितला, बोटाने ताणून बघितला आणि विचारलं, "नेमकं कुठे होतं?" चिठ्ठीत फक्त डावा गाल लिहिलेलं. मॅडमच्या केसपेपरावर चेहऱ्याचं छापील चित्र होतं आणि त्यावर एक टिंब, पण ते टिंबच गालाचा चौथा हिस्सा व्यापून बसलं होतं. नानांनी ठामपणे बोट ठेवलं. आई म्हणाली, तिथं नाय, खाली, मी रोज बघत होते. मला दोघांचंही पटेना, माझ्या मते ते नाकाकडे होतं. तीन माणसं आणि तीन बोटं. देवीच्या वणांनी भरलेला गाल, त्यात कुठला खड्डा जुना आणि कुठला ब्लेडचा, हे ओळखणार कोण?

"फोटो काढला होता का?" सर्जननी विचारलं. मी जवळचा दाखवला. त्यांनी तो इकडून तिकडून बघितला. "हा गालच आहे, हे तुम्ही सांगताय म्हणून मानतो. लांबचा नाही?"

"तो हलला होता," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिला वाटलं असेल, काढताना नीट दिसला होता की. पण परक्यासमोर ती मला कधी खोटी पाडत नसे.

सर्जन म्हणाले, "अंदाजाने मी कापत नाही. चुकीच्या जागचं काढलं तर खरं आत राहील, वर डोळ्याकडे सरकेल, आणि आपण मात्र झालं म्हणून निर्धास्त बसू. जागा शोधून आणा." ते रागावले नव्हते, त्यामुळे जास्त लागलं. परतताना रिक्षात नाना फक्त एकदा म्हणाले, "डोळा गेला तर काय राहिलं?" इतक्या वर्षांत घाबरलेले नाना मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

दुसऱ्या दिवशी मी नाशिक रोडच्या एका स्टुडिओत जाऊन त्या जवळच्या फोटोची प्रत काढली. स्टुडिओवाल्याने विचारलं, हे मोठं करून काय करणार, फुटेल. म्हटलं, फुटू दे. तोच हा पोस्टकार्डाएवढा कागद. नानांनी तो गॅलरीत सकाळच्या उन्हात धरला, भिंग लावलं आणि तपासायला बसले. निवृत्तीनंतर इतकं सरळ बसलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, ओळीने उजवीकडे, मग खाली. ताव तपासायची पद्धत. आई चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"हे बघ," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. निळ्या गोलाच्या खालच्या कडेला तीन खड्डे होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा लांबट. "बाकीचे सगळे सुटे सुटे हायेत. असे तीन जवळजवळ दुसरीकडं नाय. हे गालावर शोध."

म्हणजे मी शोधायचं होतं. आरशात सगळं उलटं दिसतं, स्वतःचा गाल त्यांना तपासता येणार नव्हता. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं, खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

नानांच्या गालाला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. लहानपणी लावला असेल, मोठी झाल्यावर नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती; सणावाराला पाया पडायचं आणि बाजूला व्हायचं. त्या सकाळी तासभर मी त्यांच्या चेहऱ्यावर वाकून होते. पाच वर्षांचे असताना निफाडकडच्या गावात त्यांना देवी आल्या होत्या, त्यात त्यांची पाठची बहीण गेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण तो एकेक खड्डा मी कधी बघितला नव्हता. कानापुढच्या दोन सुरकुत्या बघितल्या नव्हत्या. दाढीचा साबण कानाच्या पाळीखाली वाळलेला होता. त्यांचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. मला एकाएकी इतकं भरून आलं की भिंगातून काही दिसेना, आणि मी पदराने भिंगच पुसत राहिले.

"सापडलं का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"थांबा हो नाना. घाई करू नका."

घाई खरं तर ते करत नव्हतेच. मलाच ते संपायला नको होतं.

सापडले ते तीन दगड. नानांच्या बोटापेक्षा वर, आईच्या बोटापेक्षा तर बरेच वर, आणि माझ्या जागेशी काही संबंध नाही. आईने फोटो शेजारी धरला, मी गालावर पेनाने गोल काढलं, आणि आम्ही तसेच, निळं गोल मिरवत, त्यांना मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी मोठा दिवा लावून बघितलं, फोटो बघितला, परत गाल बघितला आणि म्हणाल्या, हीच. सर्जननी तिथे कापलं. जे काढलं त्याचा रिपोर्ट आला: मुळं तिथेच होती आणि पुरती निघाली होती. अंदाजाने गेलो असतो तर तिघांपैकी कोणाचंही बोट बरोबर नव्हतं.

नानांना त्या शोधाचा फार अभिमान. टाके निघाल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाला फोटो दाखवून झाला. "लांबून शोधत बसलो असतो तर सापडलं असतं का?" असं ते विचारायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. डोळा शाबूत, नजर शाबूत. एके दुपारी जेवून आडवे झाले, डोळ्यांवर पंचा ठेवला, आणि उठले नाहीत. हृदय होतं ते. गालाचा काही संबंध नव्हता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी हार घालायला फोटो शोधायची वेळ आली. मी कपाट उपसलं. बँकेच्या जुन्या पासबुकावर शिक्का मारलेला एक तरणा माणूस सापडला, काळ्या मिशांचा, शिक्क्याने अर्धं तोंड गेलेला. पाठमोरे बादलीवाले सापडले. माझा भाऊ म्हणाला, पासबुकावरचाच मोठा करू. मी हो म्हटलं. आई कॉटवर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "तो दवाखान्यातला होता ना? हसलेला? मॅडमकडं काढला होतास तू."

माझा भाऊ बाहेर गेल्यावर मी तिला सांगितलं. तो हलला नव्हता. चांगला आला होता, फार चांगला. जागा नव्हती म्हणून मी काढून टाकला. नाना गेल्यावर मी तो फोन घेऊन दोन दुकानांत जाऊन आले होते, कोणी परत आणून देईल का म्हणून. त्यांनी हसून नाही म्हटलं होतं. मी बोलत गेले आणि रडत गेले. नानांचीच शिकवण नानांवर उलटवली मी, असंही काहीतरी म्हणाले. माझ्याकडे जवळचा होता. जवळच्यात एकूण एक खड्डा होता, चूक होती, चुकीभोवती गोल होतं. नाना नव्हते.

आई रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने हात पुढे केला. मी तो पोस्टकार्डाएवढा गाल तिला दिला. सवयीने भिंगही दिलं, ते तिने घेतलंच नाही. फोटो तिने कॉटवरच्या पांढऱ्या चादरीवर सरळ ठेवला, कडा नीट केल्या आणि त्याच्या उजव्या बाजूला चादरीवर बोट टेकवलं.

"इथं कान," ती म्हणाली. बोट फोटोच्या वर नेलं. "इथं डोळा. हसताना बारीक व्हायचा." मग बोट खाली आणलं, जरा नाकाच्या बाजूला, आणि तिथे ते थोडा वेळ थांबलं. "आन् इथं ओठाचा कोपरा. इथला सुळा पडला होता. त्या दिवशी दिसला बघ."

चादरीवर काहीच नव्हतं. भिंग हातात घेऊन मी वाकले होते. ते मी खाली ठेवलं आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागे सरकले.